एस्प्रेसो यंत्राची निगराणी : दोन मळ, दोन उपाय

घरच्या एस्प्रेसो यंत्रातून निघणारी कॉफी काही महिन्यांनी कडवट लागू लागली, म्हणजे गृहस्थ प्रथम बियांच्या व्यापाऱ्यावर ठपका ठेवतो, मग भाजणीची तारीख तपासतो, दळण जाड-बारीक करून पाहतो, चिकमगळूरच्या एका मळ्याची कॉफी सोडून दुसऱ्या मळ्याची मागवतो, आणि हे सर्व उपाय थकल्यावर कधी तरी यंत्राच्या मुखाखाली एक लहानसा आरसा धरून वर पाहतो. तेथील पोलादी जाळीच्या छिद्रांत बसलेला काळा राप आणि रबरी कड्याभोवती दडलेला जुना चोथा दृष्टीस पडला, की आजवर निष्कारण बदनाम झालेल्या व्यापाऱ्याची मनातल्या मनात क्षमा मागण्यावाचून त्याला गत्यंतर उरत नाही. मुंबई-पुण्याच्या पुष्कळ घरांत हल्ली ही यंत्रे आली आहेत आणि त्यांच्यासाठी लोक सढळ हाताने पैसा मोजतात. परंतु यंत्राची खरेदी करताना जी चिकित्सा दिसते तिचा दशांशही त्याच्या निगराणीच्या बाबतीत दिसत नाही.

या विषयातील बहुतेक घोटाळे एकाच गैरसमजातून उद्भवतात. यंत्रात साचणारा मळ एकाच जातीचा आहे आणि तो एकाच औषधाने निघतो, असे लोक धरून चालतात. वस्तुतः कॉफीच्या बाजूने येतो तो तेलाचा मळ, आणि पाण्याच्या बाजूने येतो तो क्षाराचा. पहिला अल्कलीने निघतो, दुसरा आम्लाने. पहिला यंत्राच्या मुखाशी बसतो, दुसरा त्याच्या उदरात. पहिल्याने चव बिघडते, दुसऱ्याने यंत्र. ज्याने तेलावर आम्ल ओतले त्याचे श्रम वाया गेले, आणि ज्याने क्षारावर अल्कलीचे चूर्ण टाकले त्याचे चूर्णही वाया गेले. एवढा भेद ज्याच्या ध्यानात राहिला त्याने अर्धी विद्या हस्तगत केली असे समजण्यास हरकत नाही.

तेलाचा मळ या यंत्रात इतका का साचतो, हे समजून घेण्यासाठी त्याच्या पूर्वेतिहासाकडे थोडे वळले पाहिजे. इटलीतील तूरिन शहरी आंजेलो मोरिओंदो याने १८८४ साली वाफेच्या जोरावर कॉफी करणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले, आणि मिलानच्या लुईजी बेझ्झेरा याने १९०१ साली एकेका पेल्यापुरती कॉफी काढणारे यंत्र सिद्ध केले. या दोन्ही यंत्रांत दाब वाफेचा होता, म्हणजे हवेच्या दाबाच्या जेमतेम दीडपट. आणि वाफेच्या त्या दाहामुळे कॉफी करपट लागे. पुढे अखिले गाज्जा या मिलानच्याच गृहस्थाने १९३८ साली पेटंट नोंदवून आणि युद्धोत्तर काळात तरफेने ओढायच्या दट्ट्याचे यंत्र बाजारात आणून हा दाब सुमारे ९ बारपर्यंत नेला. त्या दाबाखाली कॉफीतील तेल पाण्यात बारीक बारीक कणांच्या रूपाने मिसळले जाऊ लागले आणि पेल्यावर पिंगट सोनेरी फेसाचा थर दिसू लागला, ज्याला आज सारे जग क्रेमा म्हणते. १९६१ साली फाएमा कंपनीने ई-६१ नावाच्या यंत्रात दट्ट्याची जागा विजेच्या पंपाला दिली (त्या वर्षी फेब्रुवारीत इटलीतून खग्रास सूर्यग्रहण दिसले होते, त्यावरून हे नाव पडले), आणि घरगुती यंत्रांच्या कित्येक घराण्यांचे मूळ याच यंत्रात सापडते. सारांश, क्रेमाच्या रूपाने ज्याचे आपण कौतुक करतो तेच तेल, पेल्यात उतरले नाही तेवढे, यंत्राच्या मुखाला चिकटून राहते.

अरेबिका बीत सुमारे १५ टक्के आणि रोबस्टात सुमारे १० टक्के स्निग्धांश असतो. बी काळपट होईपर्यंत भाजली, म्हणजे त्यातील तेल पृष्ठभागावर येऊन ती चकचकीत दिसते, आणि अशी कॉफी वापरणाऱ्याचे यंत्र अधिक लवकर माखते हे ओघानेच आले. उष्णता आणि हवा यांच्या सान्निध्यात हे तेल, उघड्यावर राहिलेल्या खोबऱ्याप्रमाणे, खवट होते. आणि यंत्राचे मुख तर कामाच्या वेळी ९० अंशांच्या वर तापलेले असते. इटलीत ॲल्युमिनियमचे मोका भांडे साबणाने धुऊ नये, आतील पुटामुळेच कॉफीला रुची येते, अशी एक जुनी समजूत आहे; तिचा आधार घेऊन एस्प्रेसो यंत्राचीही स्वच्छता टाळणारे काही रसिक भेटतात. मोका भांड्याबाबत इटलीतील गृहिणींशी वाद घालण्याचे धाडस मी करणार नाही, परंतु एस्प्रेसोच्या बाबतीत ही समजूत म्हणजे आळसाला मिळालेला परंपरेचा दाखला आहे, याहून तिची योग्यता अधिक नाही.

या मळाचा खरा बंदोबस्त रोजच्या रोज होतो, आणि त्याला अर्ध्या मिनिटाहून अधिक वेळ लागत नाही. कॉफी काढून झाली की पोर्टाफिल्टर, म्हणजे मुठीचे ते जड कडे, उतरवून त्यातील चोथ्याची वडी झाडावी, यंत्राच्या मुखातून दोन-तीन सेकंद नुसते पाणी सोडावे, जाळी आणि रबरी कडे आखूड ब्रशने घासावे, आणि ओल्या फडक्याने पुसून टाकावे. पोर्टाफिल्टरमधील पोलादी वाटी दिवसाकाठी एकदा तरी काढून तिच्या खालची बाजू पाहावी, कारण वरून ती लखलखीत दिसत असली तरी तिच्या बुडाशी आणि पोर्टाफिल्टरच्या तोटीत तपकिरी लेप धरलेला असतो. थेंबपात्रात साठलेले पाणी रात्रभर तसेच ठेवू नये. आपल्याकडील पावसाळ्यात त्याला दोन दिवसांत बुरशी येते. टाकीतील पाणीही रोज बदलावे. पाणी दिसायला स्वच्छ असले तरी तिच्या भिंतींना हात लावून पाहावा. बुळबुळीत लागली तर ती घासण्याची मुदत केव्हाच उलटून गेली असे समजावे.

रोजच्या पुसण्याने जे निघत नाही त्यासाठी बॅकफ्लश नावाची क्रिया आहे, आणि ती करण्यापूर्वी आपल्या यंत्रात त्रिमार्गी झडप आहे की नाही याची खातरजमा करून घेणे अवश्य आहे. ही विजेवर चालणारी झडप, कॉफी काढून पंप बंद केला की, वडीवर कोंडलेला दाब एका वेगळ्या नळीने थेंबपात्रात सोडून देते; त्या वेळी होणारा फुस्कारा आणि पात्रात पडणारी पाण्याची चिळकांडी हीच तिची खूण. ती असेल तर वडी कोरडी आणि घट्ट निघते. ती नसेल तर वडी चिखलासारखी राहते, आणि पोर्टाफिल्टर घाईने उतरवणाऱ्याच्या अंगावर गरम चोथा उडतो. परंतु याच झडपेची दुसरी बाजू अशी, की दाब सोडताना ती मुखातील तेलकट, चोथामिश्रित पाणीही आत ओढून घेते, आणि ज्या मार्गाने ते जाते तो मार्ग आपल्याला डोळ्यांनी दिसत नाही, ब्रशने गाठता येत नाही. तो धुण्याचा उपाय असा : पोर्टाफिल्टरमध्ये छिद्रे नसलेली वाटी बसवावी, तीत खास या कामाचे चूर्ण अर्धा चहाचा चमचा घालावे, पोर्टाफिल्टर मुखाला अडकवावे, आणि पंप दहा सेकंद चालवून तितकाच वेळ बंद ठेवावा. पाण्याला पुढे वाट नसल्यामुळे दाब चढतो, आणि पंप थांबताच ते फेसाळ पाणी त्याच झडपेतून उलट वाहत जाऊन तिला धुऊन काढते. असे पाच वेळा केल्यावर वाटी विसळून हीच क्रिया नुसत्या पाण्याने, फेस दिसेनासा होईपर्यंत, पुन्हा करावी. आणि त्यानंतरची पहिली कॉफी कोणाला न देता टाकून द्यावी.

या चूर्णात मुख्यत्वे धुण्याचा सोडा आणि सोडियम परकार्बोनेट ही द्रव्ये असतात. सोड्याच्या संयोगाने तेलाचे साबणात रूपांतर होऊन ते पाण्याबरोबर वाहून जाते, आणि परकार्बोनेटातून सुटणारा प्राणवायू तपकिरी डाग फोडतो. हेच चूर्ण चमचाभर घेऊन अर्धा लिटर कढत पाण्यात पोर्टाफिल्टर, वाट्या आणि जाळी अर्धा तास बुडवून ठेवली, तर पाण्याचा रंग पाहून घरातील मंडळी अचंबित होतात. येथे दोन ताकिदी आहेत. पोर्टाफिल्टरची लाकडी वा प्लास्टिकची मूठ पाण्याबाहेर राहिली पाहिजे. आणि ॲल्युमिनियमचा कोणताही भाग या पाण्यात बुडवू नये, कारण अल्कली ॲल्युमिनियमला खाते आणि तो काळवंडतो. भांडी घासण्याचा साबण बॅकफ्लशसाठी वापरण्याचा मोह पुष्कळांना होतो. परंतु त्याचा फेस झडपेतून पुरता निघत नाही आणि पुढे आठ दिवस कॉफीला लिंबाच्या साबणाचा वास येतो. घरी रोज दोन-चार पेले होत असतील तर चूर्णाचा बॅकफ्लश महिन्यातून एकदा पुरे. नुसत्या पाण्याचा आठवड्यातून एकदा करावा. ई-६१ धर्तीच्या यंत्रात चूर्णामुळे तरफेच्या आतील वंगणही धुऊन जाते आणि तरफ करकरू लागते. तेव्हा खाद्यपदार्थांना चालणारे सिलिकोनचे वंगण थोडेसे लावले की ती पुन्हा मुकाट्याने काम करते. ज्या यंत्रात त्रिमार्गी झडप नाही, म्हणजे हातदट्ट्याच्या बहुतेक यंत्रांत आणि कित्येक स्वस्त पंपयंत्रांत, तेथे बॅकफ्लश मुळीच करू नये. जाळी उतरवून ती हाताने घासणे हाच तेथला मार्ग.

दुधाविषयी थोडक्यात सांगितले तरी चालेल, कारण नियम एकच आहे आणि तो मोडणाऱ्याला शिक्षाही ताबडतोब होते. वाफेची नळी दुधातून बाहेर काढताच ओल्या फडक्याने पुसावी आणि लगेच क्षणभर वाफ सोडावी. पुसणे सर्वांना सुचते. वाफ सोडणे पुष्कळ जण विसरतात. वस्तुतः महत्त्वाचे तेच, कारण नळी निवताना तिच्यात पोकळी निर्माण होऊन दूध आत ओढले जाते आणि तेथे शिजून नासते. नळीच्या टोकाची छिद्रे बुजली असतील तर टोक फिरवून काढावे, गरम पाण्यात भिजवावे आणि सुईने मोकळे करावे.

आता पाण्याकडे वळू. आणि येथे विस्तार करण्याची मुभा मी वाचकांकडे मागतो, कारण यंत्रे मरतात ती तेलाने नव्हेत, पाण्याने. पाण्यात विरघळलेली कॅल्शियमची बायकार्बोनेटे तापली म्हणजे फुटतात, कर्बवायू उडून जातो आणि न विरघळणारा कॅल्शियम कार्बोनेटाचा पांढरा थर मागे राहतो. आपल्या जुन्या तांब्याच्या बंबांत आणि आजच्या गीझरांत बसणारा थर तो हाच. घरगुती यंत्राच्या बॉयलरची क्षमता कित्येकदा अत्यंत अल्प असते, गाज्जा क्लासिक या प्रसिद्ध यंत्राच्या जुन्या आवृत्त्यांत तर जेमतेम १०० मिलिलिटर. आणि त्याच्या नळ्या, झडपा व छिद्रे इतकी अरुंद, की गीझरला ज्याची दाद नसते तेवढ्या क्षाराने येथे सर्व कारभार ठप्प होतो. ज्या यंत्रात वाफेसाठी वेगळा बॉयलर असतो तेथे तर आणखी एक अडचण असते : वाफ होऊन शुद्ध पाणी निघून जाते आणि क्षार तेवढे मागे राहून दिवसेंदिवस दाट होत जातात. म्हणून अशा यंत्राच्या गरम पाण्याच्या नळातून अधूनमधून पेला-दोन पेले पाणी काढून टाकण्याचा शिरस्ता ठेवावा, म्हणजे बॉयलरमध्ये ताजे पाणी येते.

मुंबईला तानसा, वैतरणा, भातसा आदी जलाशयांचे जे पाणी मिळते ते पावसाचे, आणि म्हणून सौम्य. पुण्याच्या मध्यवस्तीत खडकवासल्याचे पाणीही त्रास देत नाही. परंतु शहरांच्या वाढत्या कडांवर, जेथे सोसायट्या कूपनलिका आणि टँकर यांवर विसंबून असतात, तेथे पाण्याची जात आठवड्यागणिक बदलते, आणि त्यात साबणाला फेस न येण्याइतका क्षार असतो. खाडीकाठच्या विहिरींचा मामला निराळा : तेथील पाण्यात क्लोराइड असते, आणि त्याने थर बसत नाही, तर पोलादालाच भोके पडतात. हा उपद्रव आम्लाने किंवा अल्कलीने दूर होत नाही.

यावर उपाय म्हणून लोक घरातील आर.ओ. यंत्राचे पाणी वापरतात, आणि टी.डी.एस. मोजणारी कांडी पाण्यात बुडवून आकडा जितका लहान तितके समाधान मानतात. यात दोन चुका आहेत. पहिली अशी, की ती कांडी सर्व क्षारांची एकत्रित बेरीज सांगते. त्यांपैकी थर बसवणारे किती आणि निरुपद्रवी किती, हे ती सांगत नाही. सोडियमच्या क्षारांनी आकडा फुगलेले पाणी बॉयलरला निर्धोक असू शकते, आणि त्याहून लहान आकड्याचे पाणी थर बसवू शकते. त्यासाठी मत्स्यालयाच्या दुकानांत मिळणारी, थेंब मोजून पाण्याचे काठिण्य सांगणारी चाचणी वापरावी. दुसरी चूक अशी, की अगदी निर्लवण पाणी हेही यंत्राला मानवत नाही : त्याची कॉफी बेचव होते, आम्लता शोषून घेण्याची शक्ती नसल्यामुळे ते धातूला हळूहळू झिजवते, आणि ज्या यंत्रांत बॉयलर भरला की नाही हे विजेच्या शलाकेने ताडले जाते, तेथे शलाकेला पाणी जाणवतच नाही व बॉयलर तुडुंब भरून जातो. काठिण्य दर लिटरला ५० ते १०० मिलिग्रॅमच्या दरम्यान असावे हा व्यवहारी बेत. ज्यांच्या घरी काठिण्य याहून पुष्कळ अधिक आहे त्यांनी ऊर्ध्वपातित पाणी घेऊन त्यात लिटरमागे ०.१ ग्रॅम पोटॅशियम बायकार्बोनेट मिसळावे. हे पाणी थर मुळीच बसवत नाही, धातूला झिजवत नाही आणि शलाकेलाही जाणवते. एवढी उठाठेव कशाला, असे म्हणणाऱ्याने डिस्केलिंगचा, म्हणजे थर काढण्याचा, पुढील वृत्तान्त वाचावा.

बसलेला थर काढण्यासाठी आम्ल लागते. निर्मात्याने दिलेले द्रावण सर्वांत सुरक्षित. ते नसेल तर, आणि माहितीपुस्तिकेची तशी मनाई नसेल तर, लिटरभर पाण्यात २० ते २५ ग्रॅम सायट्रिक आम्ल, म्हणजे किराणा दुकानातील लिंबूसत्त्व, विरघळवून ते टाकीत भरावे, पंपाने बॉयलरमध्ये आणि वाफेच्या नळीतही खेळवावे, पंधरा-वीस मिनिटे ठेवावे, बाहेर काढावे, आणि मग निदान दोन टाक्या स्वच्छ पाणी आरपार जाऊ द्यावे. ॲल्युमिनियमच्या बॉयलरमध्ये आम्ल रात्रभर ठेवणे म्हणजे क्षाराबरोबर बॉयलरही विरघळवणे होय. व्हिनेगर वापरण्याचा सल्ला घरोघरी दिला जातो. त्याचा वास रबरी कड्यांत इतका मुरतो की तो न वापरलेलाच बरा. परंतु खरा धोका आणखी निराळाच आहे. वर्षानुवर्षे साचलेला जाड थर आम्लाने पूर्ण विरघळत नाही. त्याच्या खपल्या सुटतात, आणि त्या वाहत जाऊन नेमक्या त्रिमार्गी झडपेच्या केसासारख्या बारीक छिद्रात अडकतात. डिस्केलिंग करीपर्यंत चालू असलेले यंत्र डिस्केलिंगनंतर बंद पडले, अशी फिर्याद दुरुस्ती करणाऱ्यांकडे नित्य येते, आणि तिचे कारण बहुधा हेच असते. याच कारणास्तव काही निर्माते मोठ्या बॉयलरचे डिस्केलिंग घरी करण्यास स्पष्ट मनाई करतात. माझे मत विचाराल तर, ज्याला आपल्या यंत्राचे वारंवार डिस्केलिंग करावे लागते त्याने यंत्र नव्हे, पाणी बदलावे.

झिजणाऱ्या भागांत पहिला मान मुखाच्या रबरी कड्याचा, म्हणजे गॅस्केटचा. उष्णतेने ते कालांतराने प्लास्टिकसारखे कठीण होते. मग पोर्टाफिल्टर पूर्वीपेक्षा अधिक फिरवावे लागते आणि तरीही कडेने पाणी ओघळते. अशा वेळी मूठ जोराने ओढत राहिल्यास मुखाच्या खाचा झिजतात, आणि त्या काही बदलता येत नाहीत. जुने कडे टोच्याने टोचून उखडावे, खाच घासून स्वच्छ करावी, नवे दाबून बसवावे. वर्षातून एकदा हे काम करणे शहाणपणाचे. पंपाचा आवाज एकाएकी बदलून मोठा आणि कोरडा झाला तर बहुधा टाकी रिकामी असते किंवा नळीत हवा कोंडलेली असते. पंप तसाच चालू ठेवला तर तो जळतो. दळणयंत्राच्या पात्यांवरही तेच तेल बसते. ती उघडून कोरड्या ब्रशने आणि व्हॅक्यूमने साफ करावीत. साफसफाईसाठी त्यात कच्चे तांदूळ दळण्याचा घरगुती उपाय सांगितला जातो, परंतु कच्चा तांदूळ भाजलेल्या बीपेक्षा कठीण असल्यामुळे लहान मोटारीवर त्याचा ताण येतो. तो न केलेला बरा. यंत्राचे झाकण काढायचे झाल्यास ते बंद करून, प्लग उपटून आणि पुरते निवू देऊनच काढावे, कारण २३० व्होल्टची वीज आणि दाबाखालील कढत पाणी ही दोन्ही तेथे एकाच पेटीत कोंडलेली असतात.

जे वाचक असे यंत्र घेण्याच्या विचारात असतील त्यांना माझी एवढीच विनंती आहे, की दुकानाची पायरी चढण्यापूर्वी घरच्या नळाच्या पाण्याचे काठिण्य मोजून घ्यावे, आणि यंत्राच्या पैशांबरोबरच एक बिनछिद्री वाटी, चूर्णाची डबी व दोन जादा गॅस्केटे यांची तजवीज करावी. यंत्राच्या किमतीत या तिन्ही जिनसांचा खर्च नगण्य आहे.